रिव्हर्स नसलेली गाडी

किस्से कुणी ठरवून साठवत नाही. करीमभाईच्या वेल्डिंगच्या शेडमध्ये खिडकीखाली तेलाचा एक पत्र्याचा डबा आहे. प्रत्येक कामातून उरलेला एखादा नट, एखादा वायसर त्यात पडतो. कशातून उरला ते आठवत नाही आणि फेकवतही नाही. आम्हा रिटायर लोकांच्या टोळक्याचं तसंच आहे. फरक एवढाच, की करीमभाईच्या डब्यातलं सामान कधीतरी कुणाच्या उपयोगी पडतं!

शेड नांदेडात, जुन्या मोंढ्याच्या, म्हणजे धान्यबाजाराच्या, मागं. करीमभाईचा जन्म ट्रॉल्या, कुळव आणि कडबा कुट्टी बनवण्यात गेला. त्याच्या बाकड्यावर बसायला आम्ही तिघं. आयटीआयमध्ये टर्नर शिकवून रिटायर झालेले सोनकांबळे सर, सरकारी ऑफिसात कागद इकडून तिकडं करून रिटायर झालेला मी, आणि व्यंकटराव. व्यंकटराव ढोरांच्या दवाखान्यात होते. हदगावकडच्या खेड्यांत तीस वर्षं एकाच मोटरसायकलवर फिरले. लोक त्यांना डॉक्टर म्हणायचे, कारण ढोरं तक्रार करत नाहीत.

गेल्या साली त्यांच्या उजव्या खुब्याचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी, म्हणजे माणसांच्या डॉक्टरांनी, सांगितलं, "दुचाकी बंद. कायमची."

पुण्याहून मुलाचा फोन आला, "बाबा, गाडी भंगारात देऊन टाका."

व्यंकटराव म्हणाले, "खुबा माझा गेला, इंजिन चांगलं हाय. भंगारात द्यायचंच असलं तर मला दे!"

* * *

पण खरं दुखणं खुब्याचं नव्हतं, येळवशीचं होतं.

येळवशीला, म्हणजे मार्गशीर्षातल्या अमावस्येला, आमच्याकडं अख्खा लातूर जिल्हा शेतात जेवतो. कडब्याची खोपटासारखी कोप करायची, पाच दगडांचे पाच पांडव मांडायचे, भज्जी-उंडे खायचे आणि आंबिलीची बिंदगी, म्हणजे छोटी घागर, घेऊन शेताला फेरी मारायची. उभ्या पिकावर आंबील शिंपडत जायचं, आरोळ्या देत. व्यंकटरावांची थोरली बहीण गोदाक्का जळकोटजवळ राहते. दाजी वारल्यापासून तिच्या शेताला फेरी मारायचा मान भावाचा. व्यंकटरावांनी तो एकदाही चुकवला नव्हता.

ऑपरेशननंतरच्या येळवशीलाही ते हट्टानं गेले. पण डांबरी रस्त्यापासून शेतापर्यंत गाडीवाट आहे, दोन्ही बाजूंनी बाभळी. चालणं शक्य नाही, ट्रॅक्टरवर चढणं शक्य नाही. शेवटी अक्काच्या चार पोरांनी, म्हणजे भाच्यांनी, त्यांना बाजेवर घातलं आणि खांद्यावर घेतलं.

समोरून एक म्हातारा शेळ्या घेऊन येत होता. त्यानं बाज बघितली, शेळ्या कडेला घेतल्या, पटका काढला आणि हात जोडून उभा राहिला. बाज जवळ आल्यावर व्यंकटरावांनी मान उचलून म्हटलं, "रामराम पाव्हणं!"

म्हातारा पळाला. शेळ्या नंतर भाच्यांनीच पोचवल्या.

त्या दिवशी शेताला फेरी भाच्यानं मारली. एका हातात बिंदगी, दुसऱ्या हातानं कानाला मोबाईल. व्यंकटराव बाजेवरून बघत होते. निघताना अक्का भावाला म्हणाली, "व्यंकट, असं चौघांच्या खांद्यावर माझ्या शेतात पुन्हा येऊ नको. मला बघवत न्हाई. येशील तर आपला आपण ये."

व्यंकटराव म्हणाले, "पुढल्या येळवशीला मी गाडी चालवत येतो. फेरी मीच मारतो."

नांदेडला येऊन त्यांनी करीमभाईला सांगितलं, "माझ्या मोटरसायकलचं इंजिन काढ. चार चाकावर बसव."

मी म्हटलं, "त्यापेक्षा जीप भाड्यानं करा की!"

"त्या वाटेत जीप मावत न्हाई, भाऊसाहेब. आन् मावली तरी चालवणार कोण? भाचा. मग ती बाजच झाली की, पत्र्याची!"

* * *

गाडी किती रुंद करायची, इथंच पहिला वाद झाला. सोनकांबळे सरांनी शेडच्या फरशीवर खडूनं गाडीचं चित्र काढलं, अगदी खऱ्या मापाचं. व्यंकटराव त्यात प्लास्टिकची खुर्ची टाकून बसले आणि हातात ताट धरून स्टेअरिंग फिरवू लागले. आम्हाला वाटलं, झालं काम.

करीमभाई म्हणाला, "चित्र अच्छा है सर. पर चाक चाकोरीत बसलं पायजे. बैलगाड्यांनी वाट कापलीय, आपली गाडी कमी-जास्त झाली की एक चाक खाली, एक वर. डॉक्टर आडवा."

म्हणजे चाकोरी मोजायला कुणीतरी जळकोटला जायला हवं होतं. सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं. "मोजमापाला सरकारी माणूसच शोभतो," सर म्हणाले.

मी एसटीनं गेलो. वाटेत टेप पसरून वाकलो तोच एकजण आला. मग दोघं आले. थोड्या वेळात बाभळीखाली ग्रामसभा भरली.

"साहेब, रस्ता होऊन राहिला का?"

मी खरं सांगितलं. ते कुणालाच खरं वाटलं नाही. एकानं मला बाजूला घेऊन हळूच सांगितलं, की रस्ता जरा त्या अंगानं घ्या, या अंगाला माझी विहीर आहे. त्या अंगाचा माणूस हे ऐकून भांडायला उठला. दोघांनीही मला चहा पाजला. नोकरीत असताना कुणी पाण्याला विचारलं नव्हतं!

शेवटी गोदाक्का आली. वय सत्तरीच्या पुढं, नऊवारी, आवाज शिवारभर पोचणारा. "काय बघून राहिलात रे सगळे? रस्ता न्हाई, माझा भाऊ येणाराय!"

एकजण निराश होऊन म्हणाला, "एकट्या माणसासाठी एवढी मोजणी?"

अक्का म्हणाली, "तुझ्याकडं भाऊ कधी आला का, कुणी वाट मोजायला?"

* * *

सांगाडा झाला. चाकं जुन्या रिक्षांची, स्टेअरिंग भंगारातल्या कारचं, शेजारी-शेजारी दोन सीट, पाठ टेकायला आरामखुर्चीचा कॅनव्हास. इंजिन बसायचं सीटच्या मागं, त्याची चेन मागच्या ॲक्सलला. सगळं सोपं होतं. मग आम्हाला दया आली, आणि काम बिघडलं.

या इंजिनाची किक उजव्या अंगाला. व्यंकटरावांचा उजवाच पाय गेलेला. करीमभाईला वाटलं, इंजिन उलटं फिरवून बसवलं तर किक डावीकडं येईल. डॉक्टर बाहेर उभा राहून डाव्या पायानं मारेल. सर त्या दिवशी लग्नाला गेले होते. मी, इंजिनातलं काहीच कळत नसल्यामुळं, जोरात पाठिंबा दिला.

दुसऱ्या दिवशी व्यंकटराव गाडीत बसले, करीमभाईनं किक मारली. पहिला गिअर टाकला, क्लच सोडला, आणि गाडी ऐटीत मागं गेली! दुसरा टाकला, मागं. तिसऱ्या गिअरची गरज पडली नाही, तोवर भिंत आली होती.

सरांनी वाकून चेन बघितली. मग म्हणाले, "मोटरसायकलच्या इंजिनाला रिव्हर्स नसतो, ही आपली अडचण होती. आता चार आहेत."

करीमभाई डोकं खाजवून म्हणाला, "जिंदगीभर कडबा कुट्टीला इंजिन लावलं. कडब्याला काय, इकडून कापा का तिकडून!"

आम्हाला वाटलं, व्यंकटराव आता सोडतील. ते भिंतीला टेकलेल्या गाडीत बसल्या बसल्या म्हणाले, "वासरू कधी कधी उलट्या पायानं येतं. म्हणून कुणी गायीला सोडून जात न्हाई. हात घालून फिरवायचं. काढा परत."

इंजिन पुन्हा फिरवलं. किक पुन्हा उजवीकडं गेली. रिव्हर्स अर्थातच राहिला नाही.

"मग बंद पडली तर चालू कोण करणार?" मी विचारलं.

"बंदच पडू द्यायची न्हाई," व्यंकटराव म्हणाले. "आन् मागं कशाला जायचंय मला? मागं बाज हाय!"

* * *

मग हातापायांचा हिशेब लागेना. उजव्या पायावर भरवसा नाही, म्हणून क्लच आणि ब्रेक डाव्या पायाला दिले. ॲक्सिलरेटरची मूठ मोटरसायकलचीच, ती उजव्या हाताला. गिअरसाठी कोळप्याचा दांडा लावला, तो डाव्या हाताला.

सर म्हणाले, "सगळं बरोबर आहे. फक्त व्यंकटराव, गिअर टाकताना स्टेअरिंग कशानं धरणार?"

"सर, म्हैस अडली की मला चार हात लागायचे. दोनातच भागवलं. पोटानं धरतो!"

आणि खरोखर पोटानं धरायला शिकले. रोज सकाळी मोंढ्यामागच्या मोकळ्या मैदानात सराव. पहिल्या आठवड्यात ते दगडाला, खांबाला आणि माझ्या सायकलला लागले. सायकल उभी होती हे मी अजूनही सांगतो, ते अजूनही मान्य करत नाहीत.

त्यांच्या पत्नीनं एकदा येऊन बघितलं. पदर तोंडाला लावून उभ्या राहिल्या. आम्हाला वाटलं, गहिवरल्या.

"घरी उठून बसायला दोन माणसं लागतेत यांना," त्या म्हणाल्या, "आन् इथं भवरा फिरल्यासारखं फिरून राहिले! आजपासून चहा आपला आपण घ्यायचा."

त्या दिवसापासून व्यंकटराव घरी चहा आपला आपण घेतात. गाडीचा पहिला फायदा हा, असं सर म्हणतात.

* * *

नांदेडचा उन्हाळा माणसाला कळतो तसा इंजिनालाही कळतो. मोटरसायकलवर असताना त्याला समोरून वारा लागायचा. आता ते सीटमागं, व्यंकटरावांच्या पाठीआड. दोन फेऱ्यांत हात लावू देईना.

व्यंकटरावांनी पातेल्यावरून वाफ बघावी तसा हात वर धरला आणि निदान केलं, "ताप हाय."

करीमभाईनं घरच्या कूलरचं पातं काढून चेनवर चालेल असं बसवलं, वर पत्र्याचं नळकांडं, आणि उत्साहाच्या भरात नळकांड्याच्या तोंडाशी कूलरचा वाळाही लावला. इंजिन थंड राहू लागलं. मैदानभर वाळ्याचा वास!

सर म्हणाले, "आता संध्याकाळी त्याला सरबत देत चला."

करीमभाईच्या घरी मात्र उन्हाळाभर कुणी त्याच्याशी धड बोललं नाही.

* * *

गाडी पळायला लागल्यावर मी सुचवलं, की रस्त्यावर आणण्याआधी विचारून घेऊ. जन्म ऑफिसात गेला, विचारल्याशिवाय मला शिंकही येत नाही. व्यंकटरावांना, त्यांच्या काठीला आणि गाडीच्या फोटोला घेऊन मी आरटीओत गेलो.

तिथला अधिकारी तरुण आणि सभ्य होता. त्यानं फोटो सरळ धरून बघितला, उलटा धरून बघितला. "काका, हे नक्की काय आहे? कार की मोटरसायकल?"

"साहेब, घोडी आन् गाढवाचं काय होतं?"

"खेचर."

"तेच हाय."

तो हसला. मग गंभीर होऊन त्यानं नीट समजावलं. घरी बनवलेल्या गाडीला अशी नोंदणी मिळत नाही, मंजुरी लागते, चाचण्या लागतात. रस्त्यावर आणली तर जप्त होईल. "काका, राग मानू नका. रस्त्यावर नाही म्हणजे नाही. हौस असेल तर आपल्या शेतात चालवा."

व्यंकटराव काठी टेकत उठले, त्यांचा चेहरा उजळला होता. "साहेब, लई उपकार झाले!"

बाहेर येऊन ते मला म्हणाले, "बघितलं? पास झाली. मला कुठं डांबरावर जायचंय? त्यानं तर शेताचं नावच घेतलं!"

चाळीस वर्षांच्या नोकरीत मी नकाराला इतक्या आनंदानं घेऊन जाणारा अर्जदार बघितला नव्हता.

* * *

येळवशीच्या सकाळी गाडी टेम्पोत चढवली. गाडी गाडीत, आम्ही तिच्याभोवती. व्यंकटराव कुणाचं न ऐकता गाडीच्याच सीटवर, स्टेअरिंग धरून. वळण आलं की ते टेम्पोबरोबर स्टेअरिंग वळवत होते. घाटात तर त्यांनी गिअर बदललेलाही मी बघितला.

कंधारला चहाला थांबलो. लोक जमले. एका शेतकऱ्यानं गाडीला चक्कर मारली, चेन बघितली, पातं बघितलं, नळकांड्यात हात घालून बघितलं. "काय काढतं हे? सोयाबीन का हरभरा?"

करीमभाई म्हणाला, "कुछ नहीं काढता चाचा. डॉक्टरला नेतं."

"कुठं?"

"बहिणीकडं."

शेतकऱ्यानं आणखी एक चक्कर मारली. "आन् परतीचं?"

व्यंकटराव वरून ओरडले, "परतीला गिअर न्हाई!"

* * *

गाडीवाटेच्या तोंडाशी फळ्या लावून गाडी उतरवली. करीमभाईनं किक मारली, इंजिन लागलं, आणि व्यंकटराव निघाले. चाकं चाकोरीत अशी बसली, की वाट करणाऱ्यांनी मला विचारूनच केली असावी. आम्ही मागून चालत होतो. वाटेत तोच शेळ्यांवाला म्हातारा भेटला. या वेळी त्यानं पटका काढला नाही. नीट बघितलं, ओळखलं आणि शेळ्यांना म्हणाला, "चला गं, ह्यो मरत न्हाई."

कोपीपाशी गोदाक्का उभी होती. भावाला ओवाळायच्या आधी तिनं गाडीला चक्कर मारली आणि एका जागी थांबली. "हे काय लोंबतंय?"

करीमभाई म्हणाला, "किक है अक्का. जोरात लाथ मारली की इंजिन सुरू होतं."

"आमच्या घरात बी लाथ मारल्याबिगर काहीच सुरू होत न्हाई," अक्का आपल्या पोरांकडं बघत म्हणाली.

पूजा झाली. फेरीची वेळ आली. शेतात हरभरा गुडघ्याच्या खाली, त्यामुळं कोपीवरून सगळं शिवार दिसत होतं. धुऱ्याच्या, म्हणजे बांधाच्या, कडेनं बैलगाडी फिरेल एवढी पट्टी भाच्यांनी मोकळी ठेवली होती. प्रश्न एवढाच होता, की दोन हात, एक पोट आणि चार कामं असलेला माणूस आंबील कशानं शिंपडणार?

अक्कानं काही विचारलं नाही. बिंदगी उचलली, डाव्या सीटवर जाऊन बसली, मांडीत बिंदगी धरली. "हाण."

गाडी निघाली. व्यंकटराव आरोळी देत होते, अक्का हरभऱ्यावर आंबील शिंपडत होती. आम्ही कोपीपाशी उभे. भज्जीचा घास हातात तसाच.

लांबच्या कोपऱ्यावर वळण अवघड होतं. व्यंकटरावांनी वेग कमी केला, आणि इंजिनाचा आवाज थांबला.

करीमभाई पळायला निघाला, मागून भाचे निघाले. तेवढ्यात लांबून व्यंकटरावांचा हात वर गेला. पंजा उघडा, जागेवर थांबा असा. सगळे थांबले.

मग अक्का उतरली. बिंदगी धुऱ्यावर ठेवली. गाडीला वळसा घालून उजव्या अंगाला आली. नऊवारीचा काष्टा तपासला, पदर खोचला, सांगाड्याला धरलं.

पहिल्या लाथेत इंजिन लागलं!

भाचे नाचायला लागले. सर टाळ्या वाजवायला लागले. आणि व्यंकटरावांनी, आनंदात का घाईत ते तेच जाणोत, क्लच सोडला. गाडी निघाली. अक्का राहिली.

मागं यायची सोय नव्हती. थांबायची हिंमत नव्हती. व्यंकटराव उरलेला धुरा कापत कोपीसमोरून गेले. मी ओरडलो, "अहो, अक्का राहिली!"

"म्हाईत हाय!" ते ओरडले. "थांबलो की पुन्हा लाथ!"

पोटानं स्टेअरिंग धरून त्यांनी गिअर टाकला आणि दुसऱ्या फेरीला लागले. वाळ्याचा वास आमच्यापर्यंत आला.

लांबच्या कोपऱ्यावर अक्का बिंदगी कडेवर घेऊन उभी होती. आम्हाला वाटलं, ती आता शिव्या घालणार, नाहीतर चालत्या गाडीत उडी मारणार. गाडी जवळ आली. अक्कानं बिंदगीत हात घातला, ओंजळभर आंबील काढली आणि हरभऱ्यावर टाकतात तशीच व्यंकटरावांवर, स्टेअरिंगवर, तापलेल्या इंजिनावर शिंपडली. तिची आरोळी आम्हाला कोपीपर्यंत ऐकू आली.

व्यंकटराव एका हातानं तोंड पुसत पुढं गेले.

अक्कानं बिंदगीत वाकून किती उरलंय ते बघितलं, आणि पुढच्या फेरीची वाट बघत धुऱ्यावर बसून घेतलं.